सावली दुसऱ्या पायरीवर येईपर्यंत

धाकटीला भाजीच्या टेम्पोत आडवी केली आणि मी वर चढणार, तेवढ्यात थोरली दारातून म्हणाली, "आई, मी पण खाल्लंय."

मी वळून बघितलं. ती उंबऱ्यात दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते.

"किती?"

"थोडंसंच. चाखण्यापुरतं."

"आणि हिला?"

"हिला दोन गोळे दिले. आधी मी चाखलं, मग थांबले, मग दिले. तू सांगितलंयस तसं."

टेम्पोत कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. धाकटी त्यांच्यावरच ओकत होती, आणि त्या ओकारीला लसणाचा वास येत होता. टेम्पोवाला गावातलाच. "वहिनी, बसा, बसा लवकर," म्हणून तो ओरडत होता. मी थोरलीचा दंड धरून तिलाही वर ओढली. सासू पाण्याचा तांब्या घेऊन मागं धावली, तोवर टेम्पो सुटला. गंगापूर रोड तेव्हा आजच्यासारखा नव्हता. मधे डांबराची अरुंद पट्टी आणि दोन्ही अंगांना शेतं. सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत मी एकीचं डोकं मांडीवर आणि दुसरीचं छातीशी धरून बसले. रडले नाही. रडल्यानं टेम्पो लवकर पोचत नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तर उंदरांपासून सुरुवात करावी लागते.

बहात्तरचा दुष्काळ संपला, पुढं पाऊस बरा झाला, गहू आला, भुईमूग आला, आणि त्यांच्यामागून उंदीर आले. शेतातले उंदीर, घरातले नव्हेत. बांधाला बिळंच बिळं. उभ्या गव्हाची ताटं कातरून बिळात ओढून न्यायचे. सकाळी शेतात गेलं की कुणीतरी आंधळ्यानं विळा चालवलाय असं वाटायचं. आमचं गाव नाशकाहून धरणाकडं जाताना नदीच्या अंगाला होतं. आता तिथं बंगले आहेत.

उंदीर मारायची मोहीम गावात आली. मोहिमेचा साहेब जीपमधून यायचा. त्याच्या पाठोपाठ सायकलवरून सर आले.

सर शहरातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. तिशीचे असतील. अंगानं बारीक, डोळ्यांना जाड चष्मा, लग्न झालेलं नाही. आमच्या ओसरीला लागून एक खोली होती, ती त्यांनी भाड्यानं घेतली. जेवण आमच्याकडंच. माझा नवरा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. सकाळी बसनं जायचा, दिवेलागणीला यायचा. घरात शिकलेला माणूस राहायला आला म्हणून त्याला बरं वाटलं. सासूला वाटलं नाही.

"मास्तर, तुम्ही शिकवता काय?"

"गणित, आजी."

"मग उंदीर कशाला धरता?"

"उंदरांचंच गणित करतोय."

"माणसांची रेशनकार्डं झाली नायत अजून, आन् हा उंदरांची मोजदाद करतोय," सासू मला म्हणाली, सरांना ऐकू जाईल अशा बेतानं. सर हसले. त्यांना राग म्हणून यायचा नाही.

ते पिंजऱ्यात उंदीर धरायचे, शेपटीला ऑइलपेंटचा पट्टा ओढायचे आणि धरला तिथंच सोडून द्यायचे. लाल, पिवळा, निळा. धरलेला उंदीर सोडणारा माणूस गावानं पहिल्यांदाच बघितला. लोक त्यांना उंदीरमास्तर म्हणायला लागले. पारावरचे म्हातारे हाक मारायचे, "काय सर, आज कुणाचं लगीन? नवरा लाल का निळा?" आमच्या बांधाजवळ त्यांनी मचाण बांधलं होतं. सकाळी उजाडताना तिथं चढून बसायचे, दुपारी कॉलेजात जायचे, संध्याकाळी परत येऊन बांधावर फिरायचे.

एकदा मी भाकरी थापत होते आणि ते जेवत होते. मी विचारलं, एवढं काय बघता?

"वहिनी, आजवरचं गणित उंदीर पोत्यांसारखे मोजतं. एवढे जन्मले, एवढे मेले, एवढे उरले. जणू सगळे सारखे. पण ते सारखे नसतात. लाल शेपटीवाला नवीन काही दिसलं की धावत जातो. निळी मागं बसते. त्याचं काय होतंय ते बघते. मग कणभर खाते आणि थांबते. पुढच्या वर्षी ह्या बांधावर किती उंदीर असणार, ते लाल किती आणि निळ्या किती ह्यावर ठरतं. एकेकाच्या वागण्यावर सगळ्यांचा आकडा. तेच मला गणितात बसवायचंय."

"थांबते कशाला?"

"उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलं ते गेलं. म्हणून आधी कणभर. पोट बिघडलं तर ती वस्तू जन्मात पुन्हा खात नाही. तिची पिलंही खात नाहीत. आई काय खाते ते बघूनच पिलं खायला शिकतात."

मी चौथी शिकलेली. त्यांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. पण हे कळलं, कारण हे आमच्या घरातलंच होतं.

माझं माहेर पेठकडच्या डोंगरातलं. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की आम्ही कडू कंद खायचो. चिरायचे, उकडायचे, वाहत्या पाण्यात ठेवायचे, तरी एखादा नडायचा. म्हणून माझ्या आईचा नियम होता. थोरल्या पोरानं आधी चाखायचं, मग पायरीवर बसून राहायचं. सावली पहिल्या पायरीवरून दुसरीवर आली, आणि घशाला खाज नाही, पोटात कळ नाही, तर धाकट्यांना द्यायचं. दुष्काळात मी खडी फोडायला जायचे आणि पोरी घरी असायच्या. तेव्हा तोच नियम मी थोरलीला घालून दिला. रेशनवरची लाल मिलो ज्वारी असो, कुणी दिलेलं पीठ असो, रानातली भाजी असो. ती तेव्हा सहा-सात वर्षांची. तिनं नियम कधी मोडला नाही. दुष्काळात गावातली पोरं काहीबाही खाऊन आजारी पडली, माझ्या पडल्या नाहीत. त्या नियमाबद्दल मी कुणापुढं मान खाली घातलेली नाही आणि घालणार नाही.

हे मी सरांना सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला.

"सावली एका पायरीवरून दुसरीवर? म्हणजे केवढा वेळ?"

"आमच्याकडं घड्याळ कुठलं?"

"वहिनी, म्हणजे तुम्ही निळी शेपटी!"

"उंदीर म्हणतोय तुला," सासू म्हणाली. "आन् तू वाढ त्याला अजून कालवण."

आम्ही सगळेच हसलो. थोरली तर हसून लोळली. पुढं बरेच दिवस धाकटी तिला "ए निळी" म्हणायची.

ओसरीची भिंत चुन्यानं पांढरी केलेली होती. सरांनी मला विचारून तिच्यावर कोळशानं रेघा काढल्या. एक रेघ सरळ खाली उतरत गेलेली. दुसरी खाली उतरून, वळण घेऊन, पुन्हा वर चढलेली. तिच्या कडेनं कसली कसली अक्षरं. एकदा साहेब आला तेव्हा सरांनी त्याला भिंतीसमोर उभं केलं.

"एकदम विष ठेवलं तर धीट मरतात. भित्रे चाखून वाचतात आणि शिकतात. पुढच्या साली सगळा बांध त्यांच्या पिलांचा. मग तुमच्या विषाला कुणी तोंड लावणार नाही. ही बघा, रेघ वर गेली."

"सर, मला वर मेलेले उंदीर दाखवावे लागतात. रेघा दाखवून चालत नाही."

"म्हणून आधी काही दिवस नुसते गोळे ठेवा. विष न घातलेले. भित्र्यांचाही विश्वास बसू दे. विश्वास पुरता बसला की मग विष." त्यांनी भिंतीवरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. विश्वासासाठी त्यांनी एक अक्षर धरलं होतं. ते अमुक इतकं वाढलं की विष घालायचं, असं त्यांचं गणित होतं.

साहेबाला हे पटलं. बाजरीचं पीठ, गूळ, शेंगदाण्याचं तेल मोहिमेतून आलं. बिनविषाचे गोळे मीच माझ्या काठवटीत मळले. सर ते रद्दीच्या कागदात पुडी बांधून बिळांच्या तोंडाशी ठेवायचे. रोज संध्याकाळी जुन्या मोजायचे, नव्या भरायचे.

आता पोरांचं सांगते. दुष्काळात खडीच्या कामावर साहेब लोक यायचे आणि पोरांना सुकडी वाटायचे. गोड पीठ, कागदावर. आमच्या पोरांना जगाची ओळख झाली ती अशी. जीपमधून साहेब आला, कागदात गोड पीठ आलं, म्हणजे ते पोरांसाठी. उंदरांसाठी कुणी गूळ-तेल घालून पीठ मळतं ही गोष्ट त्यांना सांगितली असती तरी खरी वाटली नसती. मलाही मळताना खरी वाटत नव्हती.

पोरी दुपारी शेळ्या घेऊन बांधावर जायच्या. पहिल्या पुडीतलं थोरलीनं चाखलं, थांबली, काही झालं नाही, धाकटीला दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग रोज दोघी खायला लागल्या. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पोरी बोलल्या नाहीत, कारण खाऊ मिळतोय म्हटल्यावर गावातली बाकी पोरं तिथं जमली असती.

सर मात्र खुशीत होते. संध्याकाळी पुड्या मोजून आले की ओसरीवर येरझाऱ्या घालायचे. "कमाल आहे वहिनी! एवढ्या लवकर विश्वास बसेल असं वाटलं नव्हतं. माझं गणित चुकलं होतं. उंदीर माझ्या अंदाजाहून भोळे निघाले." त्यांनी भिंतीवरची रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि नवी काढली. नव्या रेघेप्रमाणं विषाचा दिवस अलीकडं आला. सरांनी साहेबाला सांगितलं, साहेबानं विष आणलं.

विषाची पूड काळी होती आणि तिला लसणासारखा वास होता. ते गोळे साहेबाच्या माणसांनी शेतातच काठीनं कालवले, मला हात लावू दिला नाही. सासूनं विचारलं, "ढोराबिरानं खाल्लं तर?" साहेब म्हणाला, "ढोरं बांधून ठेवा. माणसाची काळजी नको. वासच असा हाय की माणूस तोंडाजवळ नेणार नाय."

आदल्या दिवशी दवंडी झाली. गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री बांधून ठेवा. सगळ्या गावानं बांधून ठेवली. पोरांना बांधून ठेवा असं दवंडीत नव्हतं. आणि शेळ्या दावणीला, म्हणून माझ्या पोरींना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं.

थोरलीनं पुडी सोडली. लसणाचा वास आला. तिनं मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, आज चटणी घातलीय." आमच्या घरात भाकरीबरोबर दुसरं काही नसलं तरी लसणाची चटणी असायचीच. ज्या वासानं माणूस लांब पळेल असं साहेबाला वाटलं, त्या वासानं माझ्या पोरींना भूक लागली.

पण वास नवा होता, म्हणून थोरलीनं नियम पाळला. गोळे परकराच्या ओच्यात घेऊन ती घरी आली, बोटाच्या पेराएवढं चाखलं आणि पायरीवर बसली. धाकटी शेजारी बसून "झालं का गं, झालं का?" करत होती. मी शेतातून पाण्याची कळशी घ्यायला आले तेव्हा दोघी तिथं बसलेल्या मी पाहिल्या.

"काय करताय?"

"काय नाय. बसलोय."

मी कळशी घेऊन गेले. पहिल्या पायरीवर ऊन अर्धं होतं.

सावली दुसऱ्या पायरीवर आली तेव्हा थोरलीला काहीच होत नव्हतं. तिनं धाकटीला दोन गोळे दिले.

सिव्हिलमध्ये दोघींना वेगवेगळ्या खाटांवर घेतलं. नाकातून नळी घातली, पोट धुतलं. डॉक्टर धावपळ करत होते, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. नवरा कारखान्यातून निळ्या कपड्यांतच आला, हात तेलाचे. सर सायकलवरून आले. घाम पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"पण दवंडी झाली होती," ते म्हणाले. "आणि वास होता. आणि त्यांनी ह्याआधी कधी..."

"रोज खायचो," थोरली खाटेवरून म्हणाली. आवाज पार बसला होता. "आमच्या बांधावरचे रोज आम्हीच खायचो."

सर तिच्याकडं बघत राहिले. मला तेव्हा समजलं नाही ते त्यांना त्या क्षणी समजलं. कुणाचा विश्वास त्यांनी मोजला होता ते. ते खाली बसले, फरशीवर, भिंतीला टेकून. कुणी त्यांना उठवलं नाही.

दिवेलागणीला धाकटी गेली. डॉक्टर थोरलीचं काही सांगायला तयार नव्हते. दोन-तीन दिवस जाऊ द्या, म्हणाले. धाकटीला गावात नेऊन पुरली, तेव्हा मी तिथं नव्हते. मी थोरलीच्या खाटेशी होते. एकीचं संपलं होतं, दुसरीचं नव्हतं. मी कुठं थांबावं हा प्रश्नच नव्हता. पण भावकीतल्या बायका पुढं बरीच वर्षं त्यावर बोलल्या.

विषानं उंदीर मेले, बरेच मेले. लाल शेपटीवाला बांधावर पालथा पडलेला नवऱ्यानं बघितला. पुढच्या वर्षी गहू ओंबीवर आला तेव्हा बांधाला पुन्हा तेवढीच बिळं होती. साहेबानं पुन्हा गोळे ठेवले. ह्या वेळी गावातल्या प्रत्येक पोरावर डोळा होता. गोळे बिळांच्या तोंडाशी तसेच वाळून दगड झाले. एकाही उंदरानं तोंड लावलं नाही. सरांच्या भिंतीवरची ती वर चढणारी रेघ खरी ठरली, हे मी सांगून टाकते. खरी गोष्ट लपवायची मला सवय नाही.

त्या वर्षी दिवाळीला मी भिंतीला चुना दिला. कोळसा वर आला. पुन्हा दिला, पुन्हा आला, फिकट. मग मी नाद सोडला. भूतबीत मी मानत नाही. पण पीठ मळताना ओसरीवर कुणी येरझाऱ्या घालतंय असं वाटायचं, बाहेर येऊन बघावं तर कुणी नसायचं. आणि बांधावर निळ्या शेपटीची उंदरीण दिसायची. शेतातला उंदीर जगून जगून वर्षभर जगतो, हे सरांनीच मला सांगितलं होतं. ती मला चार-पाच वर्षांनंतरही दिसायची. बिळाच्या तोंडाशी बसलेली, पुढं न येता, बघत. दिसायची म्हणून सांगते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मलापण दिसती."

सर खोली सोडून गेले होते. बऱ्याच वर्षांनी ते परत आले, थंडीत, गहू हिरवा असताना. केस पांढरे व्हायला लागले होते. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. चहा दिला तो बाहेरच उभ्यानं घेतला. थोरली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. ती पाटीत शेण भरत होती. तिला म्हणाले, "बाळ, एक विचारू? त्या दिवशी किती वेळ थांबली होतीस?"

"सावली दुसऱ्या पायरीवर येईपर्यंत."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सर पायरीवर बसले. मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. मला कळलं की ते मुद्दाम त्याच दिवसांत आलेत, सावली तशीच पडावी म्हणून. नवरा घरी होता. तो बाहेर आला, म्हणाला, "सर, हे कशाला आता?" मी नवऱ्याला म्हटलं, बसू दे. ऊन पहिल्या पायरीवरून हळूहळू सरकलं. थोरली पाटी तशीच टाकून उभी होती. आम्ही चौघं सावली बघत होतो, आणि माझ्या उजव्या अंगाला कुणीतरी लहान उभं आहे असं मला सारखं वाटत होतं. मी वळून बघितलं नाही.

सावली दुसऱ्या पायरीवर आली. सरांनी घड्याळ बघितलं.

"पुरत नाही," ते म्हणाले. "कंदाला पुरेल. ह्या विषाला नाही पुरत. हे मला माहीत होतं. उंदीर किती थांबतो आणि विष किती वेळानं चढतं, हेच तर मी काढत होतो." मग थोरलीकडं बघून म्हणाले, "तू बरोबर थांबली होतीस. तुझं काही चुकलं नाही."

"मला म्हाईत हाय," थोरली म्हणाली.

नवरा म्हणाला, "सर, तुम्ही जा आता."

ते गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांनी माफी मागितली नाही, ते मला बरं वाटलं. मागितली असती तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

थोरलीचं लग्न मनमाडला झालं. जावई रेल्वेत. लग्नात त्यानं घास भरवला तर तिनं तो गालात धरून ठेवला. मांडवात लोक हसले, नवरी लाजतेय म्हणाले. ती लाजत नव्हती. जावई चांगला आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला म्हणाला, "मामी, तुमच्या लेकीमुळं आमच्या घरात कुणाच्या तोंडाला चटका बसत नाय. ती चाखणार, मग थांबणार, मग आमाला वाढणार. तोवर सगळं गारढोण." थोरली हसली आणि भात गार होऊ दिला. लसूण मात्र तिच्या घरात येत नाही.

तिला मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना मी शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले. नातीच्या हातावर एक ठेवला. तिनं तो नाकाशी नेला, कडेचा एक कण तोडून जिभेवर ठेवला, आणि लाडू मुठीत धरून क्वार्टरच्या दारात जाऊन बसली. समोरच्या फरशीवर ऊन पडलं होतं. ती उन्हाकडं बघत राहिली.

मी थोरलीला विचारलं, "हिला कुणी शिकवलं?"

"कुणी नाय शिकवलं. मी करते ते बघते ती."

"सांगितलंस तिला, मावशीचं?"

"नाय. कशाला?"

मी डब्यातला दुसरा लाडू घेतला, नातीच्या शेजारी जाऊन बसले आणि तिच्यासमोर अख्खा खाल्ला. "बघ, आजीनं खाल्ला. काय नाय होत. खा." तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग पुन्हा उन्हाकडं बघितलं. लाडू तिनं खाली ठेवला नाही आणि खाल्लाही नाही. थोरली मागं दारात उभी होती. आम्ही तिघी तशाच बसलो आणि उभ्या राहिलो, ऊन सरकेपर्यंत.

टेम्पोत त्या दिवशी माझ्या दोन पोरी होत्या. थोरली जगली.